मागाचा आवाज हृदयापर्यंत पोचतो: काय मोजायचं, काय बदलायचं

इचलकरंजीत साध्या मागांच्या शेडमध्ये नवा माणूस पहिल्यांदा शिरला की त्याचे हात आपोआप कानांवर जातात. माझं तसं कधी झालं नाही, कारण मी त्या खडखडाटातच वाढलो. वडील जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. दुपारचा डबा घेऊन दारात उभं राहिलं की हाक मारून काही उपयोग नसायचा. दाराजवळच्या दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचं, मग ते मान वर करायचे. आतलं सगळं बोलणं ओठांवर आणि बोटांवर. कांडी (आडव्या धाग्याची नळी) संपली, धागा तुटला, मालक आलाय, प्रत्येकाची खूण ठरलेली. घरी आल्यावरही ते शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचे. आवाजाचं विचारलं की म्हणायचे, "आता काय वाटत न्हाई, सवय झालीया."

पंचेचाळिशीत त्यांना बीपीची गोळी लागली. मीठ, तंबाखू, कर्ज अशी कारणं घरात सगळ्यांनी मोजली, आणि ती खोटी नव्हती. पण हा माणूस रोज बारा तास कसल्या आवाजात उभा असतो, हे ना गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ना आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं. गोंगाटानं कान जातात एवढं सगळ्यांना माहीत असतं. तोच गोंगाट रक्तदाबावर आणि हृदयावरही ताण टाकतो, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरणं मागाची आहेत कारण ती माझ्या ओळखीची. पण फाउंड्री, प्रेस शॉप, खडी क्रशर किंवा लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आवाज छातीत कसा शिरतो

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. मोठा आवाज आला की मेंदू त्याला आधी धोका समजतो, विचार नंतर करतो. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. वाघ मागं लागला असता तर हे उपयोगी पडलं असतं. शेडमध्ये मात्र वाघ बारा तास जात नाही. वर्षानुवर्षं असं झालं की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडायला लागतं. गरज असेल तेव्हा सैल होण्याची त्यांची ताकद कमी होते, आणि चढलेलं बीपी पूर्ण उतरत नाही.

"सवय झाली" म्हणजे त्रास वाटेनासा झाला, एवढाच त्याचा अर्थ. शरीराची ही प्रतिक्रिया काही अंशी चालूच राहते. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात थॉमस म्युन्झेल यांच्या गटानं २०१३ मध्ये निरोगी माणसांना रात्री झोपेत विमानांचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवले. सकाळी तपासलं तर त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता घटलेली होती आणि अ‍ॅड्रिनलिन वाढलेलं होतं. ही माणसं झोपलेली होती, म्हणजे ते काही बसून वैतागत नव्हते.

कामाच्या जागी झालेले अभ्यासही आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लाकूड कापणाऱ्या १४ गिरण्यांतल्या २७,४६४ कामगारांची नोंद तपासली गेली आणि निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. जास्त आवाजात जास्त वर्षं काढलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानं मरण येण्याचा धोका जास्त दिसला. अमेरिकेत २०११ मध्ये सहा हजारांहून अधिक कामगारांची माहिती तपासली, तेव्हा सतत गोंगाटात काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण शांत जागी काम करणाऱ्यांच्या दोन ते तीन पट निघालं. पन्नाशीच्या आतले, पुरुष आणि सिगारेट ओढणारे यांच्यात हा संबंध सगळ्यात ठळक होता. त्याच देशातल्या नायॉश या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात, कामगारांमधल्या उच्च रक्तदाबाच्या १४ टक्के रुग्णांचा दोष कामावरच्या आवाजाकडे जातो असा अंदाज निघाला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र चाळले. ८५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाजात काम करणाऱ्यांना हृदयविकार जडण्याचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी जास्त दिसला, पण पुराव्याला त्यांनी 'मर्यादित' म्हटलं. रक्तदाबाच्या बाबतीत तर हाती असलेले अभ्यास ठाम बोलायला पुरेसे नाहीत असं ठरवलं. गोंगाटाच्या जागी उष्णता असते, रातपाळी असते, तंबाखू असते. कुणाचा वाटा किती हे सोडवणं अवघड जातं. त्यामुळं 'मागामुळंच अटॅक आला' असं एखाद्या माणसाबद्दल मी म्हणणार नाही. मात्र कान तर नक्की जातात, आणि आवाज कमी करण्यानं नुकसान कुणाचंच होत नाही. तेव्हा शंभर टक्के पुराव्याची वाट बघत बसायचं काही कारण मला दिसत नाही.

पहिलं काम: आवाज मोजा

यंत्राशिवायची चाचणी सगळ्यांना जमते. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथं बहुधा ८५ डेसिबल किंवा जास्त आहे. ओरडूनही कळत नसेल आणि ओठ वाचावे लागत असतील, तर त्याच्या बरंच पुढं गेलात. साध्या मागांच्या शेडमध्ये मीटर सहसा ९५ ते १०५ च्या दरम्यान दाखवतो.

त्यानंतर मोबाइल. आयफोन असेल तर नायॉशचं ध्वनिमापनाचं मोफत अ‍ॅप चांगलं आहे. अँड्रॉइडवर डझनभर अ‍ॅप मिळतात, पण प्रत्येक फोनचा माइक वेगळा, त्यामुळं आकडा पाच-सात डेसिबलनी इकडं-तिकडं होऊ शकतो. अंदाजाला ठीक, कागदावर पुरावा म्हणून नाही. कारखानदाराला नीट आकडे हवे असतील तर चांगल्या प्रतीचा ध्वनिमापक भाड्यानं किंवा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मागून आणावा.

मोजताना यंत्र कामगाराच्या कानाच्या उंचीवर धरा, मागाला चिकटवू नका. सेटिंग 'ए' आणि 'स्लो' ठेवा. निदान पाच ठिकाणी मोजा: शेडच्या मधोमध, भिंतीच्या कोपऱ्यात, कांडी मशीनजवळ, जॉबरच्या बाकाजवळ आणि जिथं डबा खातात तिथं. शेवटची जागा लोक हमखास विसरतात. डबा मागांच्या मधल्या बोळात खाल्ला जात असेल तर जेवणाची सुट्टी ही कानाला आणि हृदयाला सुट्टी नसतेच.

दुसरं काम: मात्रेचा हिशेब

डेसिबलचा आकडा साध्या बेरजेनं चालत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ९७ आणि १०० यांत फरक तीनाचा दिसतो, पण कानावर आदळणारा मारा दुप्पट. याचीच उलट बाजू अशी की शेडमधले निम्मे माग बंद केले तरी मीटर जेमतेम ३ नं उतरतो. "चार माग बंद ठेवलेत, आता आवाज काय न्हाई" असं म्हणणाऱ्याला हे दाखवा.

नायॉशची शिफारस अशी: ८५ डेसिबलमध्ये ८ तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडं जुन्या कारखाना अधिनियमाखालच्या केंद्राच्या नमुना नियमांतली मर्यादा सैल आहे: ९० डेसिबलला ८ तास, मग दर ५ डेसिबलला निम्मा वेळ. ९५ ला ४ तास, १०० ला २ तास, १०५ ला १ तास, आणि ११५ च्या वर अजिबात नाही.

आता शेडचा आकडा या दोन्हींत बसवून बघा. १०० डेसिबलच्या शेडमध्ये १२ तासांची पाळी. सैल मापानंही दोन तासांत कोटा संपला, उरलेले दहा तास जादा. कडक मापानं पहिल्या पाव तासात. १२ तासांच्या पाळीसाठी नायॉशच्या हिशेबानं सुरक्षित आकडा ८३ च्या आसपास येतो. हा हिशेब एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात मांडून शेडच्या दारावर लावला, तर दहा भाषणांपेक्षा जास्त काम होतं, हा माझा अनुभव.

तिसरं काम: बीपी मोजा, पण शेडमध्ये नको

एका आरोग्य शिबिरात मी पाहिलेली गोष्ट सांगतो. कारखान्याच्या आवारात, मागांच्या भिंतीला लागूनच टेबल टाकलं होतं. तपासणारे डॉक्टर मनापासून काम करत होते, रांग मोठी होती. पण स्टेथोस्कोप कोपराच्या आत ठेवून रक्तवाहिनीतला जो बारीक ठोका ऐकायचा, तो भिंतीपलीकडच्या खडखडाटात ऐकू येणार कसा? तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर ते कानातल्या नळ्या दाबून धरत होते, आणि आकडे बहुतेक सगळ्यांचे १२०-८०, १३०-८० असे गोल उतरत होते. अशा शिबिरातून 'नॉर्मल' चिठ्ठी घेऊन गेलेल्या कामगाराला वर्षभर कुणी परत विचारत नाही. शिबिर भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती: टेबल देवळात लावा, शाळेत लावा, युनियनच्या ऑफिसात लावा, पण आवाजापासून लांब.

घरी मोजायचं असेल तर दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी काही नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर बांधा, शर्टाच्या बाहीवरून नको. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. सकाळी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा वर, अथवा दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर येत असेल, तर डॉक्टरांकडं जायलाच हवं.

मागवाल्यांनी यात एक भर घालावी. रातपाळी असेल तर 'सकाळ' म्हणजे तुम्ही झोपून उठाल ती वेळ. आणि सुट्टीच्या दिवसाचे आकडे वेगळ्या शाईनं लिहा. कामाच्या दिवशी पाळी सुटल्यावरचा आकडा आणि सुट्टीच्या संध्याकाळचा आकडा यांत नेहमीच मोठा फरक पडत असेल, तर कामाचा ताण किती आहे ते डॉक्टरांना एका नजरेत कळतं. तो फरक आवाजाचा, श्रमाचा की उकाड्याचा, हे वहीवरून ठरणार नाही, पण विचारायला जागा मिळते.

डॉक्टरांसमोर बसल्यावर हे वाक्य स्वतःहून बोला, ते विचारतील याची वाट बघू नका: "मी चौदा वर्षं साध्या मागावर आहे, रोज बारा तास, आवाज शंभर डेसिबलच्या जवळ, आठवड्याला पाळी बदलते." आपापले आकडे घाला. त्याबरोबर साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. चढताना छाती भरते, जबडा किंवा डावा हात दुखतो असं काही होत असेल तर तेही लपवू नका. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट होते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस ज्या पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याचा गाभाच असा की साध्या, स्वस्त गोळ्या नियमित मिळाव्यात. बीपी खाली आलं म्हणून गोळी बंद करू नका. गोळी चालू आहे म्हणूनच ते खाली आलेलं असतं.

चौथं काम: आवाज जिथं जन्मतो तिथं धरा

हे कारखानदार आणि जॉबर यांच्यासाठी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. साध्या मागात धोटा (आडवा धागा घेऊन जाणारा तुकडा) एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो, मिनिटाला दीडशेच्या वर वेळा. पिकिंग स्टिक (फटका मारणारा दांडा) पिकरला (धोट्याला ढकलणाऱ्या ठोकळ्याला) हाणते, पिकर धोट्याला, आणि धोटा समोरच्या पेटीत जाऊन आदळतो. लाकूड, चामडं, लोखंड यांची ही मारामारी हाच मुख्य आवाज. तो पूर्ण जाणार नाही, पण झिजलेला पिकर, फाटलेला बफर, ढिले नटबोल्ट, दात खाल्लेले गिअर आणि खुळखुळणारी झाकणं यांनी त्यात बरीच भर पडते. चांगला जॉबर आवाजावरूनच सांगतो कुठला माग आजारी आहे. दर आठवड्याला एक तास फक्त आवाजासाठी द्या: हात लावून काय थरथरतं ते बघा, आवळा, वंगण द्या, पिकर बदला. धोटाही जास्त टिकतो, त्यामुळं हा खर्च वाया जात नाही.

मागाच्या पायाखाली चांगल्या रबराचे पॅड बसवले तर जमिनीतून जाणारा हादरा कमी होतो. माडीवर किंवा बाजूच्या घरात राहणाऱ्यांना त्याचा फायदा सगळ्यात आधी जाणवतो. कांडी मशीन मागांच्या शेडमध्येच ठेवायची पद्धत सोडा. कांड्या भरणाऱ्या बायकांना मागाचा आवाज खायला लावायचं काहीच कारण नाही. मध्ये एक विटांची भिंत आणि घट्ट बसणारं दार पुरतं. कॉम्प्रेसर असेल तर तो शेडबाहेर.

पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटच्या उघड्या भिंती आवाज परत आत फेकतात. छताखाली रॉकवूलचे, जाळी लावलेले फलक टांगले तर शेडचा घुमणारा आवाज काही डेसिबलनी उतरतो. मागाला टेकून उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्याचा फायदा कमी, कारण त्याच्या कानावर आवाज थेट येतो. इथं एक कडक सूचना: पैसे वाचवायला म्हणून गोणपाट, जुनं कापड, थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे छताला लावू नका. आवाज ते नावालाच कमी करतात. वर कापसाची रुई बसते, आणि एक ठिणगी पडली की अख्खी शेड जाते.

धोटा नसलेले रॅपियर माग साध्या मागांपेक्षा सहसा कमी आवाज करतात. ते घेताना किंमत आणि वेगाबरोबर आवाजाचा आकडाही विक्रेत्याकडून लेखी मागा.

पाचवं काम: कानातले प्लग, नीट घातलेले

रुईचा किंवा कापसाचा बोळा कानात घालून काम करणारे कितीतरी लोक मी पाहिले. त्यानं मनाला बरं वाटतं, आवाज फारसा कमी होत नाही. कानात इअरफोन घालून वर गाणी लावणं तर आणखी वाईट, कारण खडखडाटाच्या वर गाणं ऐकू यायला तेही तितकंच मोठं करावं लागतं.

फोमचा प्लग स्वस्त असतो, पण तो घालायची रीत आहे. हात धुवा. प्लग बोटांत फिरवून सुतळीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढा, म्हणजे वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा, तो फुगेपर्यंत. बाहेरून समोरच्याला प्लगचा मोठा भाग दिसत असेल तर तो आत गेलेला नाही. नीट बसला की आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो.

पाकिटावर एनआरआर (प्लग किती डेसिबल अडवतो त्याचा आकडा) २९ असं काही छापलेलं असतं. त्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचे निम्मे करा, म्हणजे ११. प्रत्यक्षात तेवढंच धरून चाला. १०० च्या शेडमध्ये कानापर्यंत ८९ पोचले. मोठी सुधारणा, तरी १२ तासांसाठी पुरेशी नाही, आणि म्हणूनच चौथं काम टाळून फक्त प्लग वाटणाऱ्या मालकाला मी काम पूर्ण झालं असं म्हणू देणार नाही.

सलग घालणंही तितकंच महत्त्वाचं. समजा ३० डेसिबल आवाज अडवणारा उत्तम प्लग आहे, आणि आठ तासांत एक तास तो काढून ठेवला. हिशेब केला तर दिवसभराचं संरक्षण ३० वरून ९ वर येतं. अर्धा तास काढला तर १२ वर. म्हणून बोलायला, जॉबरला काही सांगायला शेडच्या बाहेर या आणि तिथंच काढा. कान फुटलेला असेल, पू येत असेल तर प्लग घालू नका. वरून लावायचे इअरमफ वापरा.

सहावं काम: तास, पाळी, झोप

२०२१ मध्येच वर सांगितलेल्या दोन्ही संघटनांनी आणखी एक हिशेब मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ७२ तास. इथं पुरावा आवाजाच्या पुराव्यापेक्षा भक्कम आहे, आणि आपल्या मागवाल्याच्या वाट्याला दोन्ही एकदमच येतात.

पण मजुरी पिकावर (विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) असते, कापडाच्या मीटरवर असते. माग सोडून दहा मिनिटं बाहेर बसलं की तेवढं कापड कमी. त्यामुळं "विश्रांती घ्या" असं एकट्या कामगाराला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. हे मालक आणि युनियन यांनी बोलून ठरवायचं आहे: दर दोन तासांनी दहा मिनिटं, जॉबर किंवा बदली माणूस माग बघेल, मजुरी कापली जाणार नाही. बसायची जागा शेडपासून लांब, साधं बोलणं ऐकू येईल इतकी शांत. आठ तासांच्या तीन पाळ्यांकडं जाता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

झोपेचं दुखणं वेगळं आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथं कित्येकांच्या घराची भिंत कुणाच्या तरी शेडची भिंत असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणं निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, औद्योगिक भागात ७०. निवासी भागातलं घर असेल तर तक्रार करता येते. तोवर झोपायची खोली शेडच्या विरुद्ध बाजूला घ्या, आणि दिवसा झोपणाऱ्यासाठी घरातल्यांनी मिक्सर आणि टीव्ही यांच्या वेळा ठरवून घ्या. तंबाखू आणि विडीबद्दल एकच सांगतो: गोंगाट आणि धूर जिथं एकत्र आले तिथं हृदयविकाराचा संबंध सगळ्यात ठळक दिसला होता.

सातवं काम: कागद जपा

कायद्यात हृदयविकाराचं नाव या संदर्भात नाही. आवाजानं येणारा बहिरेपणा मात्र कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या आजारांत होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही आहे, आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत व्यवसायजन्य आजार म्हणून आहे. म्हणजे ज्याचा ईएसआय कापला जातो त्याला त्याचा हक्क मागता येतो. नमुना नियमांत मर्यादेपेक्षा जास्त आवाजात काम करणाऱ्याची कामाला लागल्यापासून १४ दिवसांत आणि पुढं दर बारा महिन्यांनी श्रवण तपासणी सांगितली आहे. राज्यात यावर देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची. छोट्या शेडमधली कामगारसंख्या कमी असल्यानं बरेच लोक या कक्षेतच येत नाहीत, ही आपल्या धंद्याची मोठी जखम आहे; तरी ऑडिओग्राम (श्रवण तपासणीचा आलेख) स्वतःहून काढून ठेवा. तपासणीआधी निदान १४ तास गोंगाटापासून लांब राहा, म्हणजे आठवडी सुट्टी संपता संपता जा. ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसला तर तो गोंगाटाचा ठसा मानतात. बीपीची वहीही त्याच फाइलमध्ये लावा.

शेडमध्ये कुणाची छाती भरून आली तर

ही तयारी आजच करायची. खडखडाटात माणूस पडला तरी शेजारच्या मागावर पत्ता लागत नाही, हाक तर कुणालाच जात नाही. म्हणून एक खूण सगळ्यांनी ठरवा. दिव्याचं बटण सारखं खालीवर करत राहणं सगळ्यात सोपं. ती दिसली की पहिल्यानं मुख्य स्विच पाडायचा, सगळे माग बंद. कापड बिघडलं तरी चालेल. आवाज थांबल्याशिवाय फोनवर एक शब्द कळणार नाही.

छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं, घामानं डबडबणं, धाप, जबड्यात, हातात किंवा पाठीत कळ, अशी लक्षणं असतील तर सोडा-लिंबू पाजून वाट बघू नका. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत कळ सौम्यही असते. नुसती धाप, मळमळ, गळून जाणं एवढंच दिसतं. माणसाला बसवा, चालवत नेऊ नका. १०८ ला फोन करा, गल्लीची खूण सांगा, एकाला कोपऱ्यावर उभं करा. शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्या आणि मदत येईपर्यंत आळीपाळीनं देत राहा. रातपाळीला फाटकाला कुलूप असतं. त्याची एक किल्ली आत, दाराजवळच्या त्या बटणाशेजारी खिळ्याला कायम टांगलेली असू द्या.